भोंगेकाकांची दुरुस्ती

गावभर आपलं नाव व्हावं अशी माझी लहानपणापासूनची इच्छा होती. ती एका सकाळी, तासाभरात, दोन भोंग्यांतून पूर्ण झाली.

मी भोंगेकाकांच्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला, अँप्लिफायरला खेटून, एका पालथ्या बादलीवर बसलो होतो. टपावर दोन भोंगे, माझ्या हातात माईक. बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या जागेवर सुपरमार्केट आणि त्यामागे घरं बांधायची, असा आमच्या कंपनीचा बेत होता. नगरपालिकेची परवानगी जाहीर सुनावणीनंतर मिळणार होती, आणि सुनावणीत लोकांनी पाठिंबा द्यावा म्हणून कंपनीने माझी नेमणूक केली होती. मी याच गावचा, याच गावच्या शाळेत शिकलेला, म्हणून. पाठिंबा मिळवणे हे माझ्या हुद्द्याचं नाव नव्हतं, पण पगार त्याचाच होता.

काका आपला मजकूर आपणच वाचतात. मीच हट्ट धरला होता की आज मी बोलतो, घरचा आवाज ऐकला की माणसं विरघळतात. दोन चौकांत मी बोललो आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. तेवढ्यात शहरातून साहेबांचा फोन आला. मी माईक मांडीवर ठेवला आणि फोन कानाला लावला. फोन घेण्याआधी माईकचं बटण बंद करायचं असतं, हे मला माहीत होतं. मला बऱ्याच गोष्टी माहीत असतात. वेळेवर आठवत नाहीत, एवढंच.

साहेबांनी विचारलं, वातावरण कसं आहे.

मी म्हणालो, “साहेब, तुम्ही निवांत राहा. इथली माणसं म्हणजे मेंढरं. एक उठलं की मागून सगळी उठतात. सभेत चहा ठेवू, हात आपोआप वर होतील. आता माझी आईच घ्या. कापडी पिशवी फुकट मिळणार म्हटलं, तर ती कशावरही सही करेल.”

साहेब हसले. मग त्यांनी गावकऱ्यांसाठी राखीव ठेवायच्या बारा घरांचं काढलं. बारा जरा जास्तच होतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी कसला नाही म्हणतोय. म्हणालो, “पत्रकात बारा छापलंय, पण कुणी मोजायला बसलं नाही तर सहावरही भागेल.”

बोलताना मला माझाच आवाज कुठून तरी लांबून ऐकू येत होता. मी साहेबांना म्हटलंसुद्धा, तुमच्या बाजूने आवाज फार घुमतोय. मागच्या काचेतून पाहिलं तर माणसं दुकानांतून बाहेर येऊन व्हॅनकडे बघत होती. मला वाटलं, जमलं. मी त्यांना हात केला.

काका समोर बसून संथपणे व्हॅन चालवत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, कारण ते कानात कापूस घालून गाडी चालवतात. इतकी वर्षं भोंग्याखाली बसून कान शाबूत आहेत ते त्या कापसामुळे, असं ते सांगतात. अशा रीतीने आम्ही दोघं भाजीबाजारावरून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीमागच्या आमच्या स्वतःच्या गल्लीतून आणि दवाखान्यावरून फिरलो. एक जण ऐकत नव्हता आणि दुसरा थांबत नव्हता.

शेवटचा थांबा काकांच्या इमारतीखाली असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काकू दोन्ही हात हलवत होत्या. काकांना वाटलं, लिंबं हवी असतील. त्यांनी गाडी थांबवली. वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, ती रिकामीच, पण तिच्यामागून काकूंचा आवाज आला. काकांनी कानातला कापूस काढला.

“अहो, त्या पोराला सांगा, माईक चालू आहे.”

काका वळले, अँप्लिफायरवरचा लाल दिवा पाहिला आणि बटण दाबलं. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त वर पाहून विचारलं की काय काय गेलं. काकूंनी सगळं म्हणून दाखवलं. मेंढरं, चहा, माझी आई, पिशवी. काकूंचा आवाज असा की पहिल्यांदा ज्यांचं ऐकायचं राहिलं होतं त्यांचीही सोय झाली. शेवटी त्या सहा घरांवर आल्या आणि जरा थांबल्या.

काका मला म्हणाले, “बारा नाहीत?”

तोवर मला माझ्या अब्रूची काळजी लागली होती. त्या प्रश्नानंतर ती थोडी मागे पडली. का, ते सांगायचं तर काकांबद्दल सांगायला हवं.

भोंगेकाका तरुणपणी त्याच बिस्किट कारखान्यात लागले. भट्टीवर लागले होते, पण एकदा गेटवरचा माणूस आजारी पडला म्हणून त्यांना माईकवर बसवलं, आणि तो माणूस बरा होऊन परत आला तरी कुणी काकांना उठवलं नाही. पाळी बदलली, अमक्याच्या घरून निरोप आहे, पुढच्या गेटवर पाव किलो चुऱ्याची पाकिटं मिळतील, असलं सगळं काका सांगत. त्यांचा स्वतःचा आवाज अगदी बारीक. समोर बसून बोलले तरी पुढे वाकावं लागतं. पण माईकसमोर आले की तोच आवाज असा भरून येतो की जणू दुसराच कुणी माणूस पोटात बसलाय. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटच्या हिशोबात देण्यासारखं मालकाकडे फारसं काही उरलं नव्हतं. कुणी खुर्ची नेली, कुणी पंखा. काकांनी गेटवरचे दोन भोंगे उतरवून घेतले. काकूंना पंखा हवा होता. त्या आजही उन्हाळा आला की त्याची आठवण काढतात.

त्या भोंग्यांवर त्यांचा संसार चालला. हरवलेलं सापडलं, पाणी येणार नाही, चपलांचा सेल, अमके वारले. गावात एखादी गोष्ट घडली म्हणजे काय, तर काका बोलले. त्याआधी ती नुसती अफवा.

काकांचे नियम दोनच. एक, भोंग्यावर आपलं मत सांगायचं नाही. सकाळी एका उमेदवाराचा प्रचार करतील, दुपारी त्याच घशाने दुसऱ्याचा. कुणी टोमणा मारला की म्हणतात, एका भोंग्याचं तोंड उजवीकडे आहे, दुसऱ्याचं डावीकडे, मी मधे बसतो.

दुसरा नियम शिंप्यामुळे झाला. कुणीतरी येऊन सांगितलं की शिंपी वारला, काकांनी गावभर सांगितलं. वारला होता शिंप्याचा साडू. खुद्द शिंपी तेव्हा दुकानात बसून काजं करत होता आणि आपली बातमी ऐकून सुई बोटात घुसवून घेता झाला. काकांनी त्याला तसाच उचलून गाडीत पुढच्या सीटवर बसवला, आणि जिथे जिथे चूक सांगितली होती तिथे तिथे थांबून दुरुस्ती सांगितली. हे बघा, हे जिवंत आहेत, चूक माझी. शिंपी खिडकीतून मान डोलवत होता. त्याचं म्हणणं असं की लोक जिवंत पाहून खूश झाले खरे, पण शिवायला टाकलेले कपडे आता फुकट मिळतील म्हणून जे धावत आले होते, त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. तेव्हापासून काकांचा नियम पक्का. चूक जिथे सांगितली, दुरुस्ती तिथेच सांगायची, आणि आपल्या तोंडाने.

आता काकू. काका जितके अबोल तितक्या काकू भरघोस, देहानेही आणि बोलण्यानेही. त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं जिना बंद, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना बंद म्हणजे जगच बंद. काकू खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागल्या. खालचे किराणावाले मामा टोपलीत सामान टाकत, काकू ती वर ओढत, आणि गावाची खबरबात नवऱ्याच्या भोंग्यातून ऐकत. बाईला नवऱ्याचा शब्द एवढ्या मोठ्याने ऐकायला मिळतो आणि त्यात तिच्यासाठी एकही शब्द नसतो, असं माझं नशीब, असं त्या म्हणत.

आमच्या पत्रकात छापलं होतं की राखीव बारा घरांपैकी तळमजल्यावरची घरं ज्यांना जिना चढवत नाही त्यांना आधी मिळतील. ते वाक्य मीच लिहिलं होतं. वाचायला बरं दिसतं म्हणून. काकूंनी ते वाक्य खरं मानलं होतं. कपाट कुठे ठेवायचं आणि खुर्ची दाराबाहेर कुठल्या बाजूला टाकायची, इथवर त्यांचं ठरलं होतं. बाराचे सहा झाले तर तळमजल्याचं काय होणार, हे कळायला हिशोबाची वही लागत नव्हती. काकांनी यातलं एक अक्षर मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी त्यांचं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायचं नाही, हा पहिला नियम.

मी घरी गेलो. आईने जेवायला वाढलं, समोर बसली, आणि माझं जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात ही शिक्षा फार मोठी समजली जाते. हात धुताना तिने विचारलं, “पिशवी आणलीस का?”

दुपारी भोंगा पुन्हा फिरला. या वेळी किराणावाल्या मामांच्या वतीने. मामा सुपरमार्केटच्या विरोधातले पुढारी. त्यांचं म्हणणं सरळ होतं, एवढं मोठं दुकान आलं की माझं छोटं बसलं. आजवर लोक त्यांचं ऐकून घेत आणि विसरून जात. आता मी त्यांना आयता दारूगोळा दिला होता. काका आपल्या भरलेल्या, सपाट आवाजात सांगत होते की ज्यांच्या मते या गावची माणसं मेंढरं आहेत, त्यांना सुनावणीत उत्तर द्यायला सर्वांनी यावं. मीच बोललेलं वाक्य काकांच्या तोंडून किती भारदस्त वाटत होतं. मला क्षणभर ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी कप उचलला की मागून कुणीतरी बेंऽऽ करायचं. वळून पाहिलं की सगळे वर्तमानपत्रात. आमचे गणिताचे मास्तर रस्त्यात भेटले. ते म्हणाले, बारा भागिले दोन सहा, हे तुला शाळेत असताना येत नव्हतं, प्रगती आहे.

मी काकांना गाठलं आणि म्हटलं, दुरुस्ती सांगायची आहे. काका लगेच तयार झाले. मी मजकूर आणलाच होता. तांत्रिक बिघाडामुळे काल काही चुकीची वाक्यं प्रसारित झाली, कंपनी दिलगीर आहे. काकांनी वाचलं आणि कागद परत दिला.

“बिघाड माईकमध्ये नव्हता,” ते म्हणाले.

मग हळू आवाजात, मला पुढे वाकायला लावून, त्यांनी समजावलं. दुरुस्ती म्हणजे चूक काय होती ते सांगायचं आणि खरं काय ते सांगायचं. मेंढरांचं तू कबूल करशील, आईचंही करशील, पण घरांचं खरं काय? बारा की सहा? ज्याचं खरं आपल्याला माहीत नाही, त्याची दुरुस्ती सांगता येत नाही.

म्हणजे साहेबांना विचारणं आलं. कंपनीत साहेबांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. मी व्हॅनमध्ये बादलीवर बसून फोन लावला, काकांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. साहेबांपर्यंत सगळं पोचलं होतं. त्यांनी मला माझी लायकी सांगितली, माझ्या शिक्षणाची सांगितली, आणि माझ्या गावाबद्दलही दोन शब्द सांगितले, जे माझ्या मेंढरांपेक्षा बरेच वाईट होते. घरांचं विचारलं तर म्हणाले ते नंतर बघू, तू आधी लोकांना गप्प कर.

समोर काका बसले होते. या वेळी कानात कापूस नव्हता. ते माझ्याकडे नाही, व्हॅनच्या काचेतून तिसऱ्या मजल्याकडे बघत होते. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, “साहेब, माईक चालू आहे. लोक ऐकतायत.”

पलीकडे साहेबांनी घसा साफ केला. मग साहेबांचा आवाज असा काही बदलला की काकांनीही मान वळवली. लोण्यात घोळलेला, भाषणाचा आवाज. त्यांनी सर्व नागरिक बंधू-भगिनींना नमस्कार केला. म्हणाले, कंपनी शब्दाला पक्की आहे. घरं बारा, बाराच, आणि तळमजला ज्यांना जिना चढवत नाही त्यांनाच आधी. मी आभार मानून फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मला मी हुशार आहे असं वाटलं.

काकांनी अँप्लिफायरकडे पाहिलं. “माईक तर बंद आहे.”

“हो, पण काका, बारा म्हणाले ना ते.”

“म्हणाले. ते आपण सांगू. पण तू त्यांना खोटं सांगितलंस. म्हणजे एक दुरुस्ती वाढली. ती साहेबांकडची.”

मी म्हटलं, करू नंतर. काका म्हणाले ठीक आहे, आणि गाडी सुरू केली. काका एखादी गोष्ट विसरतील अशी आशा धरणं हा माझा दुसरा मूर्खपणा, पण तो पुढे.

आम्ही त्याच रस्त्याने निघालो, त्याच थांब्यांवर थांबलो. प्रत्येक ठिकाणी मी माईक घेऊन सांगितलं की मी तुम्हाला मेंढरं म्हणालो, ती चूक. घरं सहावर भागतील म्हणालो, तीही चूक, घरं बारा आहेत आणि असं साहेब स्वतः म्हणाले आहेत. पहिल्या चौकात माझा आवाज फाटला. भाजीबाजारात एका बाईने तराजू खाली ठेवून ऐकलं आणि पुन्हा सांग म्हणाली, तिला फार आवडलं होतं. टपरीवर बेंऽऽ झालंच. शाळेसमोर मास्तर फाटकात उभे राहून बारावर मान डोलवत होते. आमच्या गल्लीत आई रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात घरातली सर्वांत जुनी, ठिगळं लावलेली कापडी पिशवी घेऊन. मी म्हणालो, माझी आई फुकटच्या पिशवीसाठी कशावरही सही करेल असं मी म्हणालो होतो, ती चूक आहे. आईने पिशवीची घडी घातली आणि घरात गेली. संध्याकाळी जेवताना तिने मीठ कमी आहे का विचारलं. म्हणजे मिटलं.

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये माईक लावायचं काम काकांचं होतं, म्हणून ते आधीच निघून गेले. मी त्यांच्या इमारतीखालून जात होतो तर टोपली खाली आली आणि माझ्या डोक्यावर आदळली. वरून काकू म्हणाल्या, मला सभेला यायचंय. मी वर पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, मग काकूंच्या देहाचा अंदाज घेतला आणि मला महत्त्वाचं काम आठवलं. पण तेवढ्यात किराणावाले मामा दुकान बंद करून सभेलाच निघाले होते. काकूंनी त्यांनाही हाक मारली. मामांच्या दुकानाचं काकू सर्वांत जुनं गिऱ्हाईक. माझी आणि मामांची नजरानजर झाली. दोघांनाही एकच गोष्ट कळली, की यातून सुटका नाही.

काकू लाकडी खुर्चीत बसल्या. मामांनी पाठ धरली, मी पुढचे पाय. म्हणजे मी जिना उलटा उतरत होतो आणि माझ्या तोंडासमोर काकूंचे गुडघे होते, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. चार पायऱ्यांतच मामांनी सुपरमार्केटचा विषय काढला. दम कमी आणि राग जास्त, त्यामुळे वाक्यं तुटक येत होती. गोड बोलून लोकांना फसवता. मी म्हटलं, मामा, तुमच्याकडे साबण दोन प्रकारचेच मिळतात. खुर्ची एका बाजूला कलली.

काकू म्हणाल्या, “भांडा रे, पण पावलं सारखी टाका.”

पहिल्या वळणावर आम्ही खुर्ची टेकवली. मामा कठड्याला धरून उभे राहिले आणि काकूंनाच विचारलं, ते मोठं दुकान आलं की तुमची टोपली कोण भरणार? ते लोक भरतील? काकू म्हणाल्या, तुम्हीच भराल. तळमजल्यावर गेले की दोरी लागणार नाही, एवढाच फरक. मामांनी श्वास घेतला आणि पुन्हा खुर्चीची पाठ धरली.

दुसऱ्या वळणावर मामा पायरीवरच बसले. मीही बसलो. काकू तेवढ्या एकट्याच मजेत होत्या. भिंतीवरची जुनी पानाची पिचकारी बघूनसुद्धा त्या खूश झाल्या. ही अजून आहे का, म्हणाल्या. खाली पोचलो तेव्हा मामांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती आणि माझ्या हातांना खुर्चीच्या पायांचे वळ पडले होते. काकूंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता म्हणजे काय, एक सायकल, एक कुत्रं आणि धूळ. पण त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मामांनी मात्र वळून जिन्याकडे पाहिलं. वरपर्यंत. मग माझ्याकडे.

“परत वर कोण नेणार?”

मी सुपरमार्केटची बाजू मांडायला शिकलेला माणूस. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला छापील उत्तर होतं. या वेळी मी खुर्चीचे पुढचे पाय पुन्हा उचलले आणि हॉलकडे वळलो.

हॉल भरला होता. नगरपालिकेच्या अधिकारी बाई टेबलामागे, साहेब पहिल्या रांगेत, भोंगे खिडकीतून बाहेर तोंड करून, आणि काका प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडासमोर माईक धरून उभे. काकूंना दारातून आत आणताना त्यांनी पाहिलं तेव्हा माईक त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिला. साहेबांना पहिलाच प्रश्न मास्तरांनी विचारला, घरं किती. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण गावभर सांगून झालं होतं. ते म्हणाले, बारा.

मग मामा उठले. सुपरमार्केटला आपला विरोध आहे, होता आणि राहील, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. ते पुढे म्हणाले, “पण घरं व्हायला पाहिजेत. आणि आधी घरं, मग दुकान. घरांच्या चाव्या दिल्याशिवाय दुकानाचं शटर उघडायचं नाही. कारण आज सभा संपली की या बाईंना मला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर न्यायचंय, आणि हे दर वेळी होणार नाही.”

हॉल हसला. अधिकारी बाईसुद्धा हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. मामांची अट मान्य असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाल्या. एक हात वर गेला, मागून दुसरा, मग सगळे. मी ते दृश्य बघून तोंडातल्या तोंडात काहीही म्हणालो नाही. माणूस शिकतो.

काकांचा हात वर नव्हता. दोन्ही हातांत माईक होता. बाईंनी विचारलं, तुम्ही इथलेच ना, तुमचं काय? सगळा गाव काकांकडे बघू लागला. इतक्या वर्षांत भोंग्यावर त्यांचा स्वतःचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. काकांनी बटण बंद केलं, माईक टेबलावर ठेवला, त्याच्यापासून दोन पावलं बाजूला गेले आणि आपल्या खऱ्या, बारीक आवाजात काहीतरी म्हणाले. पहिल्या रांगेच्या पलीकडे कुणालाही ऐकू गेलं नाही.

“घर हवंय म्हणतायत,” काकूंनी मागून, नुसते ओठ बघून, सगळ्यांना सांगितलं. “‘तिच्यासाठी’ म्हणतायत.”

काका लगबगीने परत माईककडे गेले आणि पुढच्या माणसासमोर धरून उभे राहिले. कान लाल झाले होते.

सभेनंतर काकूंना वर नेलं. मामा, मी, मास्तर, आणि साहेबांचा ड्रायव्हर, ज्याला कुणी विचारलंही नव्हतं. साहेब गाडीजवळ उभे राहून घड्याळ बघत होते.

परवानगी मामांच्या अटीसह आली. घरं आधी झाली. काका-काकूंना तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं मिळालं. कपाट ठरल्या जागी बसलं नाही, दार उघडताना आडवं येतं, आणि त्याचा दोष काकू मला देतात, कारण पत्रक मी लिहिलं होतं. खुर्ची दाराबाहेर डाव्या बाजूला असते. एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. खिडकी जमिनीपासून जेमतेम हातभर वर, तरी काकूंनी तिथे दोरी आणि टोपली बांधली आहे. मामा येतात, वाकून टोपलीत सामान ठेवतात, काकू ती हातभर वर ओढतात. मी एकदा हसलो तर मामा म्हणाले, तुमच्या दुकानात ही सोय आहे का?

आमच्या दुकानात म्हणजे सुपरमार्केटमध्ये. पाठिंबा मिळाल्यावर पाठिंबा मिळवणाऱ्याची गरज उरली नाही. साहेबांनी मला काढून टाकलं नाही, त्याहून हुशारीचं केलं. मला सुपरमार्केटच्या आतल्या माईकवर बसवलं. साबणावर सूट कुठल्या रांगेत आहे आणि कुणाची छत्री काउंटरवर राहिली आहे, हे मी दिवसभर सांगतो. लाल दिवा प्रत्येक वेळी दोनदा बघतो. उद्घाटनाच्या दिवशी कापडी पिशव्या फुकट वाटल्या, रांगेत आई सर्वांत पुढे होती. तिने दोन घेतल्या. एक माझ्यासमोर धरून म्हणाली, सही कुठे करायची?

काका आमच्याकडून काही घेत नाहीत, सामान मामांकडूनच. पण अधूनमधून आत येतात, रांगांमधून फिरतात, माझ्या काचेच्या खोलीबाहेर थांबतात आणि कानातला कापूस काढून ओठ हलवतात. ऐकू येत नाही, पण काय विचारतात ते मला पाठ आहे. साहेबांकडची दुरुस्ती झाली का?

परवा ते बाहेर उभे होते आणि नेमके साहेबही पाहणीला आले होते, साबणाच्या रांगेत, माझ्यापासून चार पावलांवर. काका माझ्याकडे पाहत होते. त्यांनी नुसती भुवई साहेबांच्या दिशेने उडवली. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. साहेबांनी मान वर केली.

मी सांगितलं, चौथ्या रांगेत साबणावर सूट आहे.

काकांनी कापूस परत कानात घातला. त्यांना घाई नाही.